ओल्या पंच्यातला हात

ती आली तो जानेवारी महिना होता. सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते तरी कृष्णाकाठचं धुकं पुरतं उठलं नव्हतं, आणि तिनं उजवा हात ओल्या पंच्यात गुंडाळून छातीशी धरला होता. पंच्यातून पाणी ठिबकत होतं. बरोबर आलेल्या नवऱ्याकडे पाण्याची बाटली होती. पंचा जरा सुकला की तो काही न बोलता वरून पाणी सोडायचा. मी स्वेटर घालून बसले होते.

"हात भिजवून का ठेवलाय?" मी विचारलं.

"आग हुतीया, बाई. चुलीत घातल्यागत."

ही 1998 सालची गोष्ट. फिजिओथेरपीची पदवी घेऊन सातारा जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. ती गोठ्यात घसरून पडली होती, मनगटाजवळचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं आणि ते काढून तीन आठवडे झाले होते. एक्सरेत हाड सरळ जुळलेलं दिसत होतं. चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं: बोटं आणि मनगट आखडलं आहे, मोकळं करा.

मी मोकळं करायला घेतलं. पंचा सोडवताना ती कळवळली, ते मी पाहिलं. हात सुजलेला, जांभळट लाल, कातडी ताणून तुकतुकीत झालेली, तळवा घामानं ओला. दुसऱ्या हाताशी ताडून बघावं हे मला सुचलं नाही. मेणाचा शेक दिला आणि शिकले होते तसं एकेक बोट धरून वाकवू लागले. आखडलेला सांधा दुखल्याशिवाय सुटत नाही, हे तेव्हा आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. ती ओरडली नाही. पदराचा बोळा दातांत धरून बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ती आली नाही, आणि मी रजिस्टरमध्ये 'रुग्ण सहकार्य करत नाही' असं लिहून टाकलं.

चारेक महिन्यांनी आठवडी बाजारात ती दिसली. उजवा हात पोटाशी धरलेला, बोटं आत वळून पंजासारखी झालेली. सूज उतरली होती, पण त्याबरोबर हातातलं मांसही उतरलं होतं. सासूनं मला ओळखलं. "हाड जुळलंय म्हनत्यात डॉक्टर," ती म्हणाली. "मग काय हाय? कामाचा कंटाळा. देवऋष्याला बी दावलं." सून मान खाली घालून उभी होती. मला बोलता आलं नाही. सासू जे मोठ्यानं बोलत होती, तेच मी शाईनं रजिस्टरात लिहून ठेवलं होतं.

त्या हाताला काय झालं होतं ते मला दोन वर्षांनी, पुण्यात एका अभ्यासवर्गाला गेले असताना ग्रंथालयात कळलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फियात टर्नर्स लेन नावाचं एक लष्करी रुग्णालय होतं. मज्जातंतूंना गोळी लागलेले सैनिक तिथं ठेवत. सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोरहाऊस आणि विल्यम कीन या तीन डॉक्टरांनी त्यांच्या नोंदी करून 1864 साली पुस्तक काढलं. जखम भरून आलेली, पण हात जळतो आहे. कातडी तुकतुकीत. वर्तमानपत्राचा कागद सळसळला, खोलीतून कुणी चालत गेलं, तरी दुखणं उसळतं. काही जण बुटात पाणी ओतून ठेवत. आणि एक सैनिक असा होता की तो पाण्याची बाटली आणि स्पंज जवळ बाळगायचा, हात क्षणभर कोरडा पडू द्यायचा नाही.

बाटलीपाशी मी वाचायची थांबले. फिलाडेल्फियातला तो सैनिक आणि गोठ्यात घसरलेली ती बाई यांच्यामध्ये सव्वाशेहून जास्त वर्षं आणि अर्धी पृथ्वी होती. दोघांनी एकमेकांबद्दल ऐकलेलं असणं शक्य नव्हतं. तरी दोघांनी तेच केलं होतं. सोंग करणारी माणसं असं एकमेकांशी जुळवून सोंग करू शकत नाहीत.

मिचेलनी या दुखण्याला ग्रीक शब्दांवरून 'कॉझाल्जिया' म्हटलं, म्हणजे जळणारी वेदना. पुढे 1900 साली जर्मनीत हॅम्बुर्गच्या पॉल सुडेक या शल्यविशारदांनी अशा रुग्णांच्या एक्सरेत हाडं विरळ झालेली दाखवली. आमच्याकडचे जुने हाडांचे डॉक्टर अजून "सुडेक झालाय" असंच म्हणतात. 1946 मध्ये 'रिफ्लेक्स सिम्पथेटिक डिस्ट्रॉफी' हे नाव आलं. रक्तवाहिन्या आणि घाम यांवर ताबा ठेवणाऱ्या सिम्पथेटिक मज्जासंस्थेवर त्यात सगळा ठपका होता. माझ्या पाठ्यपुस्तकात हेच नाव होतं, अर्ध्या पानाचं, आणि परीक्षेला ते कधी आलं नाही. शेवटी वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 1994 मध्ये आजचं नाव दिलं: कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, सीआरपीएस. मज्जातंतूला थेट इजा झाल्याचं दिसत नसेल तर पहिला प्रकार, दिसत असेल तर दुसरा. मिचेलचे सैनिक दुसऱ्या प्रकारात बसतात, माझी रुग्ण पहिल्या. मला हे नाव जुन्या नावांपेक्षा प्रामाणिक वाटतं. कारण पुरतं कळलेलं नसताना कारण सांगण्याचा आव त्यात नाही. शरीराच्या एका भागात एकमेकांत गुंतलेली लक्षणं आहेत आणि त्यांच्या मध्यभागी वेदना आहे, एवढंच ते म्हणतं.

हा आजार रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. एक्सरेत हाड विरळ दिसलं तर संशयाला बळ येतं, पण एक्सरे चांगला आहे म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. हाडांच्या स्कॅनचंही तसंच. निदान करायचं ते ऐकून, बघून आणि हात लावून. 2003 साली बुडापेस्टला तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिथं निदानाचे निकष ठरले. इजेच्या मानानं न शोभणारी, न थांबणारी वेदना हा पाया. त्यावर चार गोष्टी तपासायच्या. स्पर्शाची जाणीव बिघडली आहे का, म्हणजे कापूस लागला तरी दुखतं का. दोन हातांच्या रंगात किंवा उष्णतेत फरक आहे का. सूज किंवा घाम वेगळा आहे का. आणि हालचाल, ताकद, नखं, केस, कातडी यांत बदल आहे का. रुग्णानं चारांपैकी तीन तरी सांगितल्या पाहिजेत, तपासताना दोन तरी दिसल्या पाहिजेत, आणि दुसऱ्या कुठल्या आजारानं त्यांचा उलगडा होता कामा नये. 1998 च्या त्या सकाळी चारही गोष्टी माझ्यासमोर टेबलावर पडल्या होत्या.

आता मी पहिल्या भेटीत हात धरत नाही. आधी विचारते, "मी हात लावू का?" हो म्हणाल्या तर माझ्या बोटांची मागची बाजू आधी चांगल्या हाताला लावते, मग दुखऱ्याला. मग डोळे मिटायला सांगून विचारते, "तुमचा हात केवढा वाटतोय?" या प्रश्नाची उत्तरं ऐकून सुरुवातीला मला धक्का बसायचा. "भोपळ्याएवढा." "दोनच बोटं हायती असं वाटतंय." एक शिक्षिका बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "खरं सांगू? तो माझा वाटत नाही." हे कुणाला सांगितलं तर लोक वेडी म्हणतील म्हणून त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मेंदूत शरीराचा जो नकाशा असतो, त्यातल्या या हाताच्या जागेत बदल होतात, हे मेंदूच्या तपासण्यांतून दिसलेलं आहे असं मी त्यांना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आपण म्हणतो त्याला कुठेतरी नाव आहे, एवढ्यानंही माणसाचा जीव खाली बसतो.

हे सगळं रुग्णाला समजेल असं सांगायला मला बरीच वर्षं लागली. मज्जातंतूंच्या टोकांतून झिरपणारी दाहक रसायनं, पाठीच्या कण्यात वाढलेली संवेदनशीलता, असं मी सुरुवातीला सांगायचे आणि समोरची बाई मान हलवत राहायची. मग एकदा ज्वारी निसवायच्या दिवसांत माचाणावरचा राखणदार बघून मला सुचलं. मी सांगू लागले की, मावशी, तुमच्या हाताला एक राखणदार आहे. हाड मोडलं तेव्हा तो ओरडला, ते बरोबरच होतं. पण एकदा चोरी झाली की राखणदार भेदरतो. मग पान हललं तरी गोफण फिरवतो, घरचं माणूस बांधावर आलं तरी दगड मारतो. चोर गेला, पीक नीट आहे, पण त्याची गोफण थांबत नाही. आता त्याला दटावून चालणार नाही, आणि शेत टाकून जाऊनही चालणार नाही. रोज थोडं थोडं, त्याच्या डोळ्यांदेखत शेतात जायचं. म्हणजे त्याला कळेल, ही आपलीच माणसं. 1998 मध्ये मी काय केलं होतं, तेही या गोष्टीत येतं. भेदरलेल्या राखणदाराच्या अंगावर मी दांडकं घेऊन धावले होते.

दटावायचं नाही आणि टाकून जायचं नाही, या दोन्हींच्या मधली वाट अरुंद आहे. सगळा उपचार त्या वाटेवर चालतो. हात न वापरला तर सांधे आखडतात, हाड आणखी विरळ होतं, नकाशा आणखी पुसट होतो. फार ओढाताण केली तर सूज आणि आग उसळते. म्हणून मी एक साधा नियम ठेवला आहे. व्यायामानंतर दुखणं वाढलं आणि तासाभरात पहिल्या जागी आलं तर तेवढा व्यायाम योग्य. रात्रभर राहिलं तर उद्या निम्मा. बंद मात्र नाही. बर्फ मी लावत नाही.

स्पर्शाची सवय लावायला लागणारं सामान प्रत्येक घरात असतं. जुन्या लुगड्याचा धुऊन मऊ झालेला तुकडा, मग सुती टॉवेल, मग लोकर, मग गोणपाट. सुरुवात दुखऱ्या जागेपासून लांब, कोपराकडून, आणि रुग्णानं स्वतःच्या हातानं करायची. आपला हात आपल्याला लागतो तेव्हा तो कमी लागतो. मग परातीत तांदूळ, त्यात बोटं नुसती ठेवायची. नंतर ज्वारी, नंतर हरभरे. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-दोन मिनिटं. एका आजींनी तांदळात हात ठेवायची वेळ हरिपाठाशी जोडून घेतली. चार अभंग होईपर्यंत हात तांदळात. माझ्या घड्याळापेक्षा ते नियमित चाललं.

हातावर हळूहळू भार टाकायची एक पद्धत 1987 मध्ये दोन अमेरिकन लेखकांनी मांडली. हातात ब्रश धरून जमीन घासायची आणि त्याच हातानं वजन उचलून चालायचं, रोज ठरावीक वेळ. ते वाचताना मला हसू आलं नाही, भरून आलं. आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सारवत आणि कळशी वाहत आल्या. आता शेणानं सारवायची घरं थोडी उरली, म्हणून फरशी पुसायला लावते. गुडघ्यांवर बसून, फडक्यावर तळवा टेकून, सोसेल तेवढा भार. आधी एक फरशी. पिशवीत आधी एकच बटाटा. यात व्यायाम केल्यासारखं वाटत नाही, घरकाम केल्यासारखं वाटतं, आणि घरच्यांना 'हिच्यानं काहीतरी होतंय' हे दिसतं. तेही औषधच.

आरशाबद्दल जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण त्याचा गवगवा झाला आहे आणि तो चुकीच्या वेळी वापरलेला मी पाहिला आहे. हात कापला गेल्यावरही तो आहे आणि दुखतो आहे असं वाटणाऱ्या रुग्णांसाठी व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात आरशाची पेटी वापरली. धडका हात आरशासमोर, दुसरा आरशामागे. आरशात पाहिलं की दोन्ही हात धडधाकट दिसतात. 2003 मध्ये ब्रिटनमध्ये ती सीआरपीएससाठी वापरून पाहिली, तेव्हा आजार नवा असलेल्यांना आराम पडला, जुना असलेल्यांना नाही. ऑस्ट्रेलियातले लॉरिमर मोझली यांनी 2004 मध्ये जुन्या रुग्णांसाठी पायऱ्या घातल्या. आधी हातांची चित्रं बघून डावा की उजवा ते ओळखायचं. मग हात न हलवता हलवल्याची नुसती कल्पना करायची. मग आरसा.

ही चित्रं बाजारात मिळाली नाहीत, म्हणून मी आणि माझ्या सहकाऱ्यानं मिळून काढली. भाकरी थापणारा हात, विळा धरलेला हात, जपमाळ ओढणारा, एसटीच्या दांडीला धरलेला, रांगोळीची चिमूट सोडणारा. पत्त्यांएवढ्या साठ कार्डांवर ती चिकटवली. रुग्ण कार्ड उचलतो आणि "डावा", "उजवा" म्हणतो. एवढं सोपं. पण उजवा हात दुखत असेल तर उजव्या हाताचं चित्र ओळखायला जास्त वेळ लागतो, चुका जास्त होतात. चित्र ओळखताना मेंदू आपला हात मनातल्या मनात त्या जागी फिरवून बघतो, आणि तो फिरवायलाच तो धजत नाही. विळ्याचं कार्ड बघून एकीनं हात झटकन मागे घेतला होता, नुसत्या चित्रानं. अशा रुग्णाला पहिल्याच दिवशी आरशासमोर बसवलं तर दुखणं वाढू शकतं. पायऱ्या गाळू नयेत. सगळ्यांना सारखा गुण येतो असंही नाही, पण ज्यांना येतो त्यांचा चेहरा मी पाहिला आहे.

औषधं डॉक्टर देतात, त्याबद्दल मी थोडक्यात लिहिते. अगदी सुरुवातीला दाह जोरात असताना थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड, हाडं विरळ होऊ नयेत म्हणून वापरतात त्या गटातली काही औषधं, मज्जातंतूंच्या वेदनेवरच्या गोळ्या. काहींना मानेतल्या किंवा कमरेतल्या सिम्पथेटिक गाठीजवळ भुलीचं इंजेक्शन. त्याचा उतार काही दिवस टिकतो, आणि तेच दिवस व्यायामाचे असतात. फारच हट्टी दुखण्यात कण्यात विजेची बारीक तार बसवतात, पण तो खर्च माझ्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे. मनगटाच्या मोडीनंतर रोज 500 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व 50 दिवस दिलं तर सीआरपीएस कमी होतो, असं 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दिसलं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत ते तसं दिसलं नाही. तरी आमचे एक सर्जन ते लिहून देतात, आणि मी त्यांना नको म्हणत नाही.

2011 मध्ये भाजी विकणाऱ्या एक ताई आल्या. मनगट मोडलेलं, प्लॅस्टर काढून दहाच दिवस झालेले, हात ओळखीचा लाल आणि चकचकीत. या वेळी उशीर झाला नव्हता. "हात बरा झाला की पहिलं काय करणार?" मी विचारलं. मला वाटलं तराजू म्हणतील. त्या म्हणाल्या, "चुडा भरणार." हात सुजल्यावर घाईघाईनं बांगड्या वाढवल्या होत्या, आणि वैशाखात मुलीचं लग्न होतं. मुलीच्या लग्नात आईचं उजवं मनगट मोकळं कसं राहील, हा त्यांचा घोर दुखण्याइतकाच मोठा होता.

ज्यांनी कासाराकडे बांगड्या भरल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. कासारीण हात आपल्या हातात घेते, अंगठ्याचा उंचवटा आत दाबते, चारही बोटं एकत्र आवळते आणि बांगडी पुढे सरकवते. धडक्या हातालाही ते सोसवत नाही. म्हणून तोच आम्ही उपचाराचा जिना केला. आधी त्यांनी स्वतःच्या डाव्या हातानं उजवा हात कोमट पाण्यात नुसता धरायचा. मग साबणाच्या पाण्यात हलकेच आवळायचा. मग दोन-आठच्या मापाची मोठी प्लॅस्टिकची बांगडी, मग दोन-सहाची. मध्ये दोन वेळा दुखणं उसळलं, आठ-आठ दिवस मागे गेलो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत हे चाललं. लग्नाच्या चार दिवस आधी मी त्यांच्याबरोबर कासारणीकडे गेले. कासारणीला आधी सगळं समजावून सांगितलं. तिनं विचारलं, "ताई, दुखलं तर सांगशीला न्हवं?" आणि एकेक बांगडी भरताना ती थांबत गेली. सहा हिरव्या बांगड्यांना वीस मिनिटं लागली. रुग्णाला विचारून, थांबून, त्याच्या गतीनं कसं काम करायचं, हे मला त्या दुकानात पुन्हा एकदा दिसलं.

सगळ्यांचं असं होत नाही. बहुतेकांची लक्षणं पहिल्या वर्षात उतरतात, पण काहींचं दुखणं राहून जातं. साखर कारखान्यातला एक फिटर, घोटा मोडलेला. आजार हाताला जास्त आणि बायकांना जास्त होतो, म्हणून पुरुषाच्या पायाकडे कुणी त्या नजरेनं पाहिलं नव्हतं. तो माझ्याकडे आला तो नऊ महिन्यांनी, अनवाणी, एका पायाची विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. रात्री पांघरूण पायावर सोसत नाही, एसटीचा हादरा सोसत नाही, मुलगी धावत आली की "पायाजवळ येऊ नको" म्हणून ओरडतो आणि मग रडतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, पाय काढून टाका म्हणून सांगा डॉक्टरांना." पाय काढला तरी वेदना जाईलच असं नसतं, ती उरलेल्या भागात किंवा नसलेल्या पायातही राहू शकते. हे त्याला सांगणं माझ्या नोकरीतलं एक अवघड काम होतं. मी त्याला सरळ विचारलं, "जीव नकोसा होतो का?" तो हो म्हणाला. त्याच आठवड्यात त्याला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं, पुढे पुण्याला कमरेत इंजेक्शनं दिली, आणि त्या उतारात आम्ही काम करत राहिलो. आज तो चप्पल घालतो. कारखान्यानं त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. पाय दुखतोच. मुलगी आता पायाशी बसून अभ्यास करते.

या आजारात माणसाला दोनदा मार बसतो. एकदा पडल्याचा, आणि एकदा 'तुला काही झालेलं नाही' या वाक्याचा. दुसरा मार देणाऱ्यांत घरचे असतात, शेजारी असतात, आणि पांढरे कोट घातलेले आम्हीही असतो. वेदना अभ्यासणाऱ्या त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. माणूस दुखतं म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असं तिच्यासोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट नमूद केलं आहे. हे वाचून मला रजिस्टरातला तो शेरा आठवला.

ती ओळ खोडायला मी त्या बाईच्या गावी गेलेही होते, पुण्याहून परतल्यावर. घराला कुलूप होतं. ती भावाकडे मुंबईला गेल्याचं शेजारणीनं सांगितलं, पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. तिची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

म्हणून जे सांगायचं ते तुम्हाला सांगते. घरात कुणाचा हात प्लॅस्टरमध्ये असेल तर बोटं उघडी असतात ती हलवण्यासाठी. डॉक्टरांना विचारून ती पहिल्या दिवसापासून हलवायला लावा, खांदा आणि कोपरही. प्लॅस्टरमध्ये वेदना वाढत चालली, बोटं फुगली, बधिर किंवा निळसर झाली तर सकाळची वाट बघू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा. आणि प्लॅस्टर काढल्यावर कुणी म्हणालं की हात जळतोय, वारा सोसत नाही, हात माझा वाटत नाही, तर एक्सरे चांगला आहे हे त्या माणसाला ऐकवू नका. दोन्ही हात शेजारी ठेवून बघा आणि त्याच आठवड्यात घेऊन या.